ट्रॅकवर जायचंय? आधी ब्रेक ऑइल बदला, डिस्कचं नंतर बघू

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही हौशी लोकांच्या ट्रॅक डे वर, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसावर, पानभर लेख छापला, वाचून लय बरं वाटलं. आमच्या ओळखीतलीच सात-आठ पोरं आता वर्षातनं एकदा तरी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नाहीतर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जातात, तेपण रोजची ऑफिसला न्यायची गाडी घेऊन, आणि ह्या विषयावर मराठीत कुणी काही लिहीतच नाही. पण त्या लेखाबरोबर जो फोटो होता ना, भोकं पाडलेली चकचकीत डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) आणि लाल कॅलिपर (पॅड म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या त्या चकतीवर दाबणारा भाग), आणि खाली ओळ की ट्रॅकवर जायचं तर अशी डिस्क पाहिजे, त्या एका ओळीनं घोळ केला. संध्याकाळपर्यंत मला तीन फोन आले, "दादा, ही डिस्क कुठं मिळंल, कितीला मिळंल." म्हणून पत्र लिहायला बसलोय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथचं काम करतो, जास्त करून लूमचे पार्ट, पण गॅरेजवाले गाडीच्या डिस्कपण टर्निंगला, म्हणजे कातून सपाट करायला, आणून देतात, त्यामुळं बिडाशी, म्हणजे कास्ट आयर्नशी, माझा रोजचा संबंध आहे. आणि माझी स्वतःची साधी पेट्रोल हॅचबॅक, पुढं डिस्क मागं ड्रम, ती घेऊन मी चार वेळा ट्रॅकवर जाऊन आलोय.

पहिल्याच वेळेला काय झालं ते सांगतो. तिसरा राउंड, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पॅडल पार खाली गेलं, पायाखाली काहीच नाही, उशीवर पाय ठेवल्यागत. दोन-तीनदा जोरात पंप केलं तेव्हा कुठं थोडं लागलं आणि गाडी बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. मला काही झालं नाही, गाडीलाही नाही. पण माझी बायको पोराला घेऊन तिथं कठड्याला उभी होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो. पॅड नवे होते, डिस्क चांगली होती. ब्रेक ऑइल तीन वर्षं जुनं होतं, आणि मी ते कधी बघितलंच नव्हतं, गॅरेजमधे लेव्हल बघून "ओके आहे" म्हणायचे आणि मी पण ओके म्हणायचो.

हे का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. अकराशे किलोची गाडी १५० च्या स्पीडवरनं ६० वर आणली की जवळजवळ ८०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमधे जाते. घरातल्या भाषेत सांगायचं तर अडीच लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता, आणि ती गॅसवर दहा मिनिटात नाही, चार-पाच सेकंदात, आणि त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कमधे. एका ब्रेकला डिस्क शंभरेक अंशानं तापते, गार व्हायच्या आत पुढचं वळण येतं, मग अजून शंभर. लोक म्हणतात आपल्या सोलापुरात ऊन ४३-४४ ला जातं म्हणून ब्रेक तापतात. ऊन ३० असलं तरी डिस्क ४०० च्या वर जाणारच आहे, उन्हाचा दोष फार थोडा.

ती उष्णता पॅडमधनं कॅलिपरच्या पिस्टनमधे जाते आणि तिथनं ऑइलमधे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपली हवा कोरडी असली तरी दोन-तीन वर्षात रबरी पाइपमधनं पाणी शिरतंच. डॉट म्हणजे ऑइलचा दर्जा, डॉट ३ चं नवं ऑइल कमीत कमी २०५ अंशाला उकळतं, पाणी शिरलेलं १४० लाच. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे किमान आकडे झाले, रेसिंगसाठीचं चांगलं ऑइल ३०० च्या वरपण टिकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऑइल दबत नाही पण वाफ दबते, म्हणून पॅडल खाली. (डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं वेगळंच येतं, ५.१ च्या ऐवजी चुकून ते ओतू नका, दोघांचं जमत नाही.) सीलबंद बाटली आणा, ट्रॅकच्या आठवडाभर आधी सगळं जुनं काढा, चारही चाकांच्या ब्रेक पाइपमधली एअर काढून घ्या. ह्याला लागणारा खर्च भोकाच्या एका डिस्कपेक्षा कितीतरी कमी आहे, आणि माझ्या मते पहिल्या ट्रॅक डे ला ह्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं कुठलंच काम नाही.

ब्रेक जायचा दुसरा प्रकार असतो पॅडचा. त्यात पॅडल खाली जात नाही, दगडासारखं कडक राहतं, तुम्ही सगळा जोर लावता आणि गाडी थांबत नाही. हा फरक प्रत्येकाला माहीत पाहिजे, कारण पॅडल मऊ झालं तर दोष ऑइलचा, पॅडल कडक पण गाडी पळतीच आहे तर दोष पॅडचा. कंपनीचे रोजचे पॅड साधारण तीनशे-साडेतीनशे अंशाच्या पुढं गेले की त्यातलं बाइंडर, म्हणजे सगळं धरून ठेवणारं चिकट द्रव्य, जळायला लागतं, वास येतो, धूर येतो, पकड जाते. ते पॅड वाईट नाहीत, ते सात रस्त्याच्या सिग्नलसाठी बनवलेत, सकाळी गार असताना पहिल्या दाबाला लागले पाहिजेत, आवाज नको, डिस्क खायला नको.

मग दुकानात गेलं की "रेसिंग पॅड" म्हणून काहीही देतात. पॅडच्या कडेला नंबरांच्या शेवटी बहुतेक वेळा दोन इंग्रजी अक्षरं असतात, ती बघा. ई म्हणजे घर्षण ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. एफएफ असेल तर गरम झाल्यावरपण तेवढंच पकडतं, एफई असेल तर तापल्यावर कमी होतं. पण ही अक्षरं ज्या टेस्टवरनं देतात ती साधारण ३४० अंशापर्यंतच असते, म्हणून नुसत्या अक्षरांवर ट्रॅकचा पॅड ठरत नाही, त्या पॅडची तापमानाची रेंज बनवणाऱ्यानं दिलेली असते ती मागा. हौशी माणसानं मधला पॅड घ्यावा, ज्याला रस्ता आणि ट्रॅक दोन्ही म्हणतात, गार असताना लागतो आणि पाच-सहाशे अंशापर्यंत टिकतो. पूर्ण रेसचा पॅड लावून सोलापूरला परत येऊ नका, तो गार असताना नीट पकडत नाही, आणि पहाटे हायवेवर दूधवाला आडवा आला तर पॅड तापायची वाट कोण बघणार. आणि सगळ्यात जोरदार पॅड फक्त मागच्या चाकाला लावायचा प्रकार तर कधीच करू नका, मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी फिरते.

माझा एक वाईट अनुभव सांगतो, दुकानाचं नाव घेत नाही. बॉक्सवर छान छापलेलं, पॅडवर एक अक्षर नाही, भाव निम्मा. मी घेतले, कारण ते "एक्सपोर्टचा माल" म्हणाले आणि मला तेव्हा खरं वाटलं. ट्रॅकवर दुसऱ्या सेशनला करकर आवाज आला म्हणून चाक खोललं तर एका पॅडचा मसाला (घासणारा थर) पत्र्यापासून सुटून अर्धा तुकडा गायब. मी दुकानात गेलो तर म्हणाले ट्रॅकवर चालवली म्हणजे तुमची जबाबदारी. हाच पॅड एखाद्यानं तुळजापूरच्या घाटात घरच्यांना घेऊन उतरताना वापरला असता तर? नवरात्रात तो घाट मी बघतो, लोक न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरतात, तेपण ट्रॅकसारखंच ब्रेक तापवणं आहे, गिअरमधे उतरा की.

आता डिस्क. डिस्क बिडाची असते, बीड उष्णता चांगली पसरवतं, स्वस्त आहे, ट्रॅकसाठी साधी, भोकं नसलेली, मधे हवा खेळती असलेली व्हेंटिलेटेड डिस्क उत्तम. भोकं पूर्वी पाडायचे कारण जुन्या पॅडमधनं गॅस निघायचा, तो बाहेर जायला वाट पाहिजे. आजच्या पॅडला त्याची तेवढी गरज नाही. उलट भोक पाडलं की उष्णता साठवणारं वजन कमी झालं, आणि लेथवर काम करणारा कुणीपण सांगेल की बिडाला चीर जाते ती भोकाच्या कडेनं. माझ्याकडं अशा डिस्क आल्यात ज्यांच्या एका भोकातनं दुसऱ्या भोकापर्यंत चीर गेलेली. चरे पाडलेली म्हणजे स्लॉटवाली डिस्क बरी, पॅडची धूळ साफ करते, पॅड थोडा जास्त खाते, पण पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डे ला तीपण लागत नाही.

आणि मोठा ब्रेक लावला की गाडी कमी अंतरात थांबते हा गैरसमज तर फारच पसरलाय. तुमचा एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, थरथरतो ना, म्हणजे ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्तच आहे, गाडी शेवटी टायरनं थांबते. मोठी डिस्क फक्त उष्णता जास्त साठवते, म्हणजे पंधराव्या राउंडला उपयोगाची. तुम्ही सुरुवातीला चार-पाच राउंड मारून बाहेर येणार, तेवढ्याला कंपनीची डिस्क पुरते.

डिस्कची जाडी मात्र मोजा. माझ्या गाडीची नवी २२ मिमी, किमान २०, तो किमान आकडा डिस्कवर कोरलेला असतो. "डिस्क वाकली, टर्निंग करून द्या" म्हणून लोक माझ्याकडं येतात, मी डायल गेज लावून बघतो, बऱ्याचदा वाकलेली नसते, पॅडचा मसाला एका जागी चिकटलेला असतो, गरम ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की तसा छाप पडतो. टर्निंग केलं की पाव-अर्धा मिमी जातो आणि पातळ डिस्क अजून लवकर तापते, हे मी माझं गिऱ्हाईक तोडून सांगतो. पॅडपण निम्म्याच्या खाली असेल तर ट्रॅकवर नेऊ नका, पातळ पॅडमधनं उष्णता सरळ ऑइलला भिडते.

नवे पॅड बसवल्यावर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, ८० वरनं २० पर्यंत आठ-दहा वेळा चांगला ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवा, म्हणजे मसाल्याचा थर डिस्कवर सारखा बसतो. ट्रॅकवर शेवटचा राउंड हळू, ब्रेक शक्यतो न लावता. बाहेर आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमधे लावून चाकाखाली दगड नाहीतर ठोकळा लावा.

साहेब, पुढच्या वेळी ह्या विषयावर लेख छापाल तर फोटो त्या लाल कॅलिपरचा नको, पॅडच्या कडेच्या अक्षरांचा टाका आणि डिस्कवरच्या किमान जाडीचा टाका. तो मसाला सुटलेला पॅड मी फेकला नाही, शेडवर ड्रॉवरमधे आहे, फोटो काढायला कधीपण माणूस पाठवा, रविवार सोडून मी दिवसभर तिथंच असतो.

आपला नेहमीचा वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर