डॉक्टर मॅडम, पुढची तारीख दिल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांच्या फाइलवर आज ‘सगळं नॉर्मल’ असा शेरा आहे आणि अंगातलं दुखणं मात्र जसंच्या तसं आहे, त्यांनी ते वाचावं असं वाटतं. जमलं तर त्यांच्या डॉक्टरांनीही.

माझे सगळे रिपोर्ट बघून झाले, त्यांत काही सापडलं नाही, आणि तरीही तुम्ही मला पुढची तारीख दिलीत. आभार आहेत ते मुख्यतः याचे. त्याआधी मी बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकून बाहेर पडले होते: “काही वाटलं तर या.” मला काही वाटतच होतं, म्हणून तर गेले होते. तुम्ही म्हणालात, “पुढच्या महिन्यात या. बरं वाटत असलं तरी या.”

तुमच्याकडे आले तेव्हा खांद्यांपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं अंग ठणकत होतं. रात्रभर झोपूनही थकवा उतरत नव्हता. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बोलता बोलता नेहमीचे शब्द सापडायचे नाहीत आणि वाचताना एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागायची. रक्त झालं होतं, थायरॉइड, व्हिटॅमिनं, एक्स-रे, ईसीजी, एमआरआय, नसांची तपासणी, सगळं झालं होतं. रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. हे बोलून दाखवायची सोय नव्हती. चांगला रिपोर्ट हातात धरून रडणाऱ्या बाईला लोक काय म्हणणार? “तुला आजार हवाय का?” असं जवळच्या एका माणसानं विचारलंसुद्धा. मग मीच माझ्यावर पाळत ठेवायला लागले. आत्ता दुखलं ते खरंच दुखलं, की मी उगाच तिकडे लक्ष दिलं? दुखणं सोसता येतं हो, पण चोवीस तास स्वतःचीच उलटतपासणी घेत राहणं माणसाला पार पिळून काढतं.

तुम्ही त्या जाडजूड फाइलचा एकेक कागद वाचलात. मग एका कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारून तीन रकाने केलेत. पहिल्यात तपासणीचं नाव. दुसऱ्यात त्या तपासणीमुळे कोणता आजार नाही हे कळलं ते. आणि तिसऱ्यात, त्या तपासणीला काय दिसूच शकत नाही ते. तो तिसरा रकाना मला तोवर कुणी दाखवला नव्हता.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. ईसीजीसमोर लिहिलंय की तो आडवं झोपवून काढलेला, काही सेकंदांचा आहे. उभं राहिल्यावर काय होतं ते त्यात येणार नाही. नसांच्या तपासणीसमोर आहे की ती जाड तंतूंचं काम मोजते. वेदना आणि गरम-गार कळवणारे बारीक तंतू तिच्या पकडीत येत नाहीत. हिमोग्लोबिनसमोर फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) असं लिहून प्रश्नचिन्ह, कारण शरीरातला लोहाचा साठा आटत आलेला असतानाही हिमोग्लोबिन बराच काळ ठीक दिसू शकतं. (ते आपण नंतर केलं. तेही ठीक निघालं.)

खाली तुम्ही आणखी एक गोष्ट समजावलीत आणि ती ऐकून माझा तपासण्यांमागे धावण्याचा हट्ट सुटला. रिपोर्टवरची ती ‘नॉर्मल’ची मर्यादा सहसा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे २० निरोगी माणसांतलं एखादं तिच्या बाहेर असणारच. तपासण्या वाढवत नेल्या की कुठला तरी आकडा ठळक होऊन येतो, आणि त्याचा मूळ त्रासाशी काही संबंध नसतानाही सगळे त्याच्या मागे लागतात. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या कमरेचा एमआरआय काढला होता, त्यात मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या ठाकठीक असलेली माणसं फक्त ३६ टक्के होती, हेही तुमच्याचकडून कळलं. दुखत नसताना एमआरआय बिघडलेला असू शकतो, तर एमआरआय चांगला असताना दुखूही शकतं, हे मग कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

त्यानंतर तुम्ही मला टेबलावर झोपवलंत. काही मिनिटं शांत पडू देऊन नाडी आणि रक्तदाब घेतलात, आणि मग उभं करून १० मिनिटं थोड्या थोड्या वेळानं पुन्हा घेत राहिलात. रक्तदाब न पडता नाडी मिनिटाला ३० ठोके किंवा त्याहून जास्त वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर पॉट्स नावाच्या आजाराचा विचार करायचा असतो. माझी वाढली, पण तेवढी नाही. म्हणजे तेही नॉर्मल. पण तेवढ्या वेळात माझ्या कपाळावर आलेला घाम तुम्ही पाहिलात, मी भिंतीचा आधार शोधत होते ते पाहिलंत, आणि दोन्ही केसपेपरवर लिहिलंत. माझ्या त्रासापुढे तोवर ‘पेशंट सांगते की’ एवढंच लिहिलं जायचं. पहिल्यांदा कुणीतरी ‘मी पाहिलं’ असं लिहिलं.

मग अंगठ्यानं दाबून बघणं. मानेच्या मागे, खांद्यावर, कोपरापाशी, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, तुमच्या नखाचा रंग पांढरा होईपर्यंत दाबलंत. शेजारी शिकायला बसलेल्या ज्युनिअर डॉक्टरला तुम्ही सांगत होतात की १९९० च्या निकषांत अशा १८ जागा असायच्या आणि त्यांतल्या ११ दुखल्या तर फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळं अंग दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, म्हणायचं. २०१० च्या निकषांत ही मोजणी काढून टाकली. “आता याची गरज नाही, तरी मी हात लावून बघते,” असं तुम्ही तिला म्हणालात. का ते सांगितलं नाहीत, पण मला टेबलावर पडल्या पडल्या कळलं.

नवीन निकषांत मी बसते, हे तुम्ही सांगितलंत. त्याच दमात हेही सांगितलंत की नाव मिळालं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. त्या वेळी मी कुठल्याही ठाम उत्तरावर विश्वास ठेवला असता.

दुसऱ्या वेळी मिस्टरांना सोबत घेऊन यायला सांगितलंत. त्यांनी जरा चाचरतच विचारलं, “म्हणजे मानसिक आहे का?” तुम्ही चिडला नाहीत. वेदनेची यंत्रणा कशी चालते ते त्यांना सांगितलंत. घरात एकदा चोरी होऊन गेली की नंतर पाचोळा वाजला तरी जाग येते, तसं मज्जारज्जू आणि मेंदू यांचं होऊ शकतं. साधा स्पर्शसुद्धा दुखणं म्हणून पोचतो. मज्जारज्जूतला हा बदल क्लिफर्ड वुल्फ या संशोधकानं १९८३ साली प्रयोगातून दाखवला. अशा दुखण्यासाठी वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१७ साली वेगळी संज्ञा स्वीकारली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू आहे, दीर्घकालीन दुखण्याला स्वतःची जागा आहे. काळजीनं, अपुऱ्या झोपेनं ते वाढतं का? वाढतं. म्हणून ते मनानं रचलेलं आहे का? नाही. मिस्टर घरी येताना गाडीत काही बोलले नाहीत. रात्री सासूबाईंना मात्र त्यांनीच सगळं समजावून सांगितलं, आणि त्या दिवसापासून घरात मला माझी बाजू मांडावी लागली नाही. या एका अर्ध्या तासासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

मिस्टरांनीच पुढे अल्सरचं काढलं. पोटातला अल्सर काळजीनं आणि जागरणानं होतो असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगायचे, आणि मग मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी त्यामागचा जिवाणू दाखवला, २००५ चं नोबेल मिळालं. तसं हिचंही काही लपलेलं असेल का? तुम्ही म्हणालात, असू शकतं, उद्या काही सापडूही शकेल, पण त्या आशेवर आजचे दिवस टांगून ठेवू नका. हे मला तेव्हा जरा कठोर वाटलं होतं. आज अगदी बरोबर वाटतं.

आता तारखेबद्दल. त्रास वाढला तरच डॉक्टरांकडे जायचं, असं असलं की माणूस नकळत त्रास जपून ठेवतो. जायचं तर काहीतरी सांगण्यासारखं हवं, कालच्यापेक्षा जास्त हवं. ठरलेली तारीख मिळाली आणि हे ओझं उतरलं. दुखणं सिद्ध न करताही कुणीतरी भेटणार होतं, बघणार होतं. मी एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत की ही तुमची शक्कल नव्हे. १९८६ साली अमेरिकेत अशाच, कारण न सापडणाऱ्या अनेक तक्रारी असलेल्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला होता. ठराविक अंतरानं भेट, दर वेळी थोडक्यात शारीरिक तपासणी, गरज नसलेल्या टेस्ट टाळायच्या. रुग्णांचा उपचारांवरचा खर्च बराच कमी झाला आणि तब्येती बिघडल्या नाहीत. इतकी साधी गोष्ट आहे, तर ती सगळीकडे का होत नाही, हा प्रश्न मला अजून छळतो.

पण तुम्ही डोळे मिटून बसला नाहीत. कशाकशाला न थांबता, तारखेची वाट न बघता यायचं, ते लिहून दिलंत: प्रयत्न न करता वजन उतरणं, न जाणारा ताप, शौचातून रक्त, एखाद्या हातापायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. रात्री नवीन काही दुखलं की मी आधी मोबाइलवर शोधत पहाट करायचे. आता तो कागद बघते आणि झोपते.

रोजनिशीचं सांगायलाच हवं. बऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकून घ्यायची आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळायचं, हे माझं चक्र तुम्ही माझ्याच वहीतून मला दाखवलंत. बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही, हे ऐकायला सोपं आणि पाळायला महाकठीण आहे. व्यायाम सुरू करण्याआधी तुम्ही कितीतरी दिवस वहीच बघत राहिलात, कारण थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी माणूस पार कोसळत असेल तर तो आजार वेगळा असू शकतो, आणि तिथे व्यायाम ठरलेल्या मापानं वाढवत नेणं घातक ठरू शकतं. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तशा आजारात ती पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. माझं तसं नव्हतं, कामं आटोक्यात ठेवली की मी सावरत होते. म्हणून चालणं सुरू केलं, अगदी थोडं. फायब्रोमायल्जियात त्याचा उपयोग होतो, मलाही होतोय.

आणि रात्रीची ती १० मिलिग्रॅमची गोळी. चिठ्ठी लिहिण्याआधीच तुम्ही सांगितलंत की पाकिटातल्या कागदावर नैराश्याचं औषध असं छापलेलं असेल, पण इतक्या कमी मात्रेत ते दुखण्यासाठी आणि झोपेसाठी देतात. हे न सांगता दिली असती, तर मी ती घेतली नसती आणि तुमच्याकडे परत आलेही नसते.

मी बरी झाले का, असं लोक विचारतात. दुखणं आहे. कमी आहे, आणि वाढलं तर काय करायचं ते ठाऊक आहे. पुन्हा कामावर जाते, पूर्ण वेळ नाही. पुस्तक हातात घेतलं तर प्रकरण संपेपर्यंत वाचता येतं. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसले तेव्हा ती मागे वळून वळून बघत होती, आई आहे ना अजून म्हणून.

तुमच्या रिसेप्शनवरच्या ताईंचेही आभार. थांबायला लागलं की त्या न विचारता मला आतल्या खोलीत आडवं व्हायला जागा करून द्यायच्या, आणि बाहेर कुणी कुरकुरलं तर परस्पर निस्तरायच्या.

एक विनंती आहे. तो तीन रकान्यांचा कागद तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअर डॉक्टरला एकदा स्वतःच्या हातानं भरायला लावा. माझा हवा असेल तर त्याची झेरॉक्स देते, नाव झाकून किंवा नावासकट, कशीही वापरा.

आपली कृतज्ञ,
महिन्याच्या पहिल्या सोमवारची एक पेशंट