अंगठ्याकडे लक्ष वेधणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझी लेक तुमच्या बालवाडीत आली तेव्हा सव्वातीन वर्षांची होती. तिच्या लेखी हात धुणं म्हणजे बोटं ओली करायची, फ्रॉकला पुसायची आणि खेळायला पळायचं. मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचे, "हात धुतलेस का?" आतून "हो" यायचं. दर थोड्या दिवसांनी तिचं पोट बिघडायचं आणि मला तिचाच राग यायचा.

मग ती पालकसभा झाली. तुम्ही आम्हा मोठ्यांनाच डोळे मिटायला लावलंत, तळहातावर पातळ रंग ओतलात आणि म्हणालात, "साबण लावता तसा लावा." डोळे उघडले तर माझे दोन्ही अंगठे जवळजवळ कोरे होते. बोटांची टोकं आणि बेचकेही तसेच. मुलं ज्या बोटांनी खातात, नाक-डोळे चोळतात, नेमकी तीच जागा राहते, हे मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

त्याच दिवशी तुम्ही सेमेलवाइस या डॉक्टरांची गोष्ट सांगितलीत. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही कितीतरी नामवंत डॉक्टरांना ते पटलं नाही. "शिकल्यासवरल्या माणसांना इतका वेळ लागला, मग लेकरांना चार-सहा महिने द्यायला काय हरकत आहे?" हे तुमचं वाक्य मी घरी घेऊन आले. त्यानंतर या कारणावरून मी तिला रागावले नाही.

खरी अडचण काय होती तेही तुम्हीच ओळखलंत. तिचा हात नळापर्यंत नीट पोचतच नव्हता! एक बुटकं स्टूल ठेवलं आणि अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्ही मला तिच्या शेजारी उभं केलंत. "सांगू नका, बरोबर धुवा," म्हणालात. शौचाहून आल्यावर, बाहेरून आल्यावर, जेवायच्या आधी, शिंकल्या-खोकल्यावर आम्ही दोघी आता नळाशी असतो. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला. चोळलं की मळ आणि जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. चोळायला २० सेकंद का द्यायचे, ते यामुळे मला कळलं. ती आकडे मोजते, तेरा दरवेळी गाळते. मी दुरुस्त करत नाही, कारण तेवढ्या वेळात तिचा डावा अंगठा उजव्या मुठीत गोल फिरत असतो.

दप्तरात मी सॅनिटायझर द्यायचे, तेही तुम्ही प्रेमाने परत पाठवलंत. मातीने माखलेल्या हातावर ते नीट चालत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसपुढे साबण-पाणीच जास्त कामाचं, हे समजावून सांगितलंत. हात कोरडे करायची सवय मात्र अजून कच्ची आहे. ओल्या हातांवरून जंतू चटकन इकडचे तिकडे जातात, म्हणून तिच्या उंचीवर टॉवेल टांगलाय. कधी आठवतो, कधी नाही.

एवढ्या मुलांमागे रोज, न चिडता, तेच ते करत राहणं किती कष्टाचं असेल! घरात एक लेकरू सांभाळताना मला ते कळतं. मुलं आजारी पडली नाहीत तर त्याचं श्रेय तुम्हाला द्यायला कुणी येत नाही, म्हणून हे पत्र मुद्दाम लिहिते आहे.

सभेतल्या रंगाचा माझ्या हातांचा ठसा मी नळाजवळच्या भिंतीवर लावलाय. गेल्या आठवड्यात लेकीनेही शेजारी तिचा ठसा लावला. तिच्या ठशात दोन्ही अंगठे उमटलेत.

तुमची ऋणी,
एका विद्यार्थिनीची आई