परिस्थिती बघता, जमेल तेवढे कॅनेडियन

संपादक महोदय,

परदेशस्थ मराठी कुटुंबांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख बहिणीने कराडहून फोटो काढून पाठवला. लेख चांगला आहे, पण एका वाक्याशी अडखळले. कॅनडा म्हणजे 'बर्फातली अमेरिका', त्याला स्वतःची ओळखच नाही, असं लेखकाने जाता जाता लिहून टाकलंय. मी २०१६पासून टोरांटोला लागून असलेल्या मिसिसॉगात राहते. हे वाक्य इथे चारचौघांत म्हणून बघावं, तेही 'अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य' ही थट्टा शेजारच्या राष्ट्राध्यक्षांनी सुरू केल्यानंतर!

ओळखीचा प्रश्न इथल्यांनाही पडतोच. सत्तरच्या दशकात इथल्या सरकारी रेडिओवर एक स्पर्धा झाली होती. 'अ‍ॅपल पायइतका अमेरिकन' अशी म्हण आहे, तशी 'अमुक इतका कॅनेडियन' ही म्हण श्रोत्यांनी पुरी करायची. जिंकलेलं उत्तर होतं, 'परिस्थिती बघता शक्य तेवढा कॅनेडियन'. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. आता वाटतं, याहून खरं कुणी बोललेलं नाही.

माझं स्वयंपाकघरच बघा. बाहेरची थंडी सेल्सिअसमध्ये, ओव्हन फॅरनहाइटमध्ये. रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरच्या, मुलाची उंची फुटांत, आणि राजधानी ऑटवा किती लांब विचारलं तर उत्तर 'साडेचार तास'. दूध पिशवीतून येतं. तेही आमच्या ओंटारियो प्रांतात. पश्चिमेकडच्या प्रांतांतले लोक याला हसतात. चार लिटर दूध तीन पिशव्यांत मिळून, त्यातली एक पिशवी जगमध्ये उभी करायची आणि कात्रीने कोपरा कापायचा. एवढा विमानप्रवास करून पुन्हा दुधाची पिशवीच नशिबी, असं आई म्हणाली होती.

त्याच कात्रीने मी २०२३मध्ये माझं पीआर कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचं ओळखपत्र, कापलं. नागरिकत्वाची शपथ ऑनलाइन होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मागे कुकर बंद ठेवलेला, आणि अधिकारी बाईंनी सांगितल्यावर कॅमेऱ्यासमोर सगळ्यांनी आपापली कार्डं कापून दाखवायची. मग उजवा हात वर करून इंग्रजीत आणि पाठोपाठ मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये शपथ: राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन. माझे आजोबा नाना पाटलांच्या पत्री सरकारात होते. इंग्रजाच्या राज्याला न जुमानता गावोगाव स्वतःचा कारभार चालवणारी ती माणसं. त्यांची नात मिसिसॉगात बसून इंग्लंडच्या राजाची शपथ घेते! घशात काहीतरी अडकलं, खोटं कशाला सांगू? रात्री आईला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पगार वेळेवर देतो ना तो राजा? मग झालं."

त्याच शपथेत मूळ रहिवाशांच्या हक्कांचा आणि करारांचा उल्लेख आहे. तो २०२१मध्ये घातला गेला. राजाचं नाव आणि राजाच्या माणसांनी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांचं नाव, दोन्ही एकाच वाक्यात. मुलाच्या शाळेत रोज सकाळी राष्ट्रगीतासोबत ही जमीन मुळात कुणाची, तेही म्हणतात. आमच्या शहराचं नावच त्या लोकांवरून पडलंय. "आपणही त्यांची जमीन घेतली का?" असं मुलाने विचारलं तेव्हा मी "आपण घर घेतलंय, पंचवीस वर्षांच्या कर्जावर" असं सांगून वेळ मारून नेली. उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आमचे शेजारी पोर्तुगालच्या अझोरिस बेटांवरून आलेले, पंचाहत्तरीचे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. पण बर्फ पडला की तासभर खपून ड्राइव्हवे साफ करावा आणि नगरपालिकेच्या गाडीने रस्ता साफ करता करता दगडासारखा घट्ट बर्फाचा बांध नेमका त्याच्याच तोंडाशी आणून टाकावा, हे इथलं रोजचं दुःख. नवरा दौऱ्यावर असला की सकाळी उठून बघते तो आमचा बांध फोडलेला असतो. दिवाळीत मी चकल्यांचा डबा देते. तो कधी रिकामा परत आलेला नाही. हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे.

सगळं असंच गोड आहे असं मात्र नाही. गेल्या काही वर्षांत घरभाडी वाढली, दवाखान्यात ताटकळावं लागतं, आणि खापर फुटतं भारतीय विद्यार्थ्यांवर. बसमध्ये एका माणसाने मला "आलीस तिथे परत जा" असं ऐकवलं. बस भरलेली होती, कुणी हूं की चूं केलं नाही. उतरताना एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच "सॉरी" म्हणाली. ओंटारियोत २००९चा कायदा आहे: माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली असं दिवाणी कोर्टात धरता येत नाही. त्या मुलीची चूक नव्हतीच. तरी ती तेव्हाच, सगळ्यांदेखत बोलली असती तर बरं झालं असतं.

मार्च २०२५मध्ये अमेरिकेशी आयातकरावरून भांडण पेटलं, तेव्हा आमच्या प्रांताच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन दारू उचलली गेली आणि वाणसामानाच्या फळ्यांवर कॅनेडियन मालाची खूण म्हणून मेपलची पानं झळकू लागली. शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच दारावर झेंडा लावला. लावताना मला म्हणाले, "मी अजून अझोरिसचाच आहे हं, पण हे लावायलाच हवं." त्या मे महिन्यात राजेसाहेब ऑटव्याला येऊन संसदेत भाषण करून गेले. मी ते फोनवर पाहिलं, जेवणाच्या सुटीत, डब्यातली भाकरी खात.

लेखकांना फेब्रुवारीत इकडे येऊन खात्री करून घ्यायची असेल तर राहायची सोय आमच्याकडे होईल. जास्तीचं फावडं गॅरेजमध्ये आहे.

आपली,
एक वाचक
(मूळ कराड, सध्या मिसिसॉगा)