टॉर्चवाल्या सिस्टर, तुमचे आभार

माझा मोठा भाऊ ११ दिवस एक्मो या यंत्रावर होता. हृदय आणि फुप्फुसं दोन्ही थकलेली. रक्त शरीराबाहेर यंत्रात जायचं, प्राणवायू घेऊन परत यायचं. नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू, आणि त्यामुळेच मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. त्यात तो गुंगीच्या औषधाखाली. डोकं दुखतंय, हात उचलत नाही, हे सांगणार कोण?

रात्रपाळीच्या एक सिस्टर दर तासाला टॉर्चने त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या; मेंदूत रक्तस्राव झाला तर त्याची खूण तिथे दिसू शकते. पाचव्या रात्री उजवी बाहुली जराशी मोठी वाटली. जराशीच. त्यांनी तडक डॉक्टरांना बोलावलं. यंत्रासकट सीटी स्कॅनला नेणं केवढं जोखमीचं! सहा-सात जण नळ्या सांभाळत हळूहळू चालले होते. रक्तस्राव आणखी पसरण्याआधी सापडला, हेपारिन थांबवलं.

टॉर्च लावण्याआधी त्या दर वेळी त्याच्या कानाशी म्हणायच्या, "दादा, डोळ्यांवर उजेड पाडते हं." त्याला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. त्या म्हणायच्याच.

सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. त्याचा डावा हात अजून जड आहे, पण तो चालतो, बोलतो. परवा त्याने मला नावाने हाक मारली. तुम्हाला हे कळायला हवं होतं.