मोजलेला आकडा की अंदाज?

महोदय,

घशात नळी असलेल्या रुग्णाला भूक लागली हे सांगता येत नाही, पोट भरलं हेही नाही. त्याला दिवसाला किती कॅलरी लागतात ते दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं असतं. अतिदक्षता विभागात आहारतज्ज्ञ म्हणून मी रोज हेच करते आणि बहुतेकदा तो निव्वळ अंदाज असतो: वजन गुणिले 25.

पण वजन तरी कोणतं? सलाइनने अंग सुजलेलं असतं, नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. पलंगाचा काटा ते पाणीही मोजतो. शिवाय ताप चढला की कॅलरींचा खर्च वाढतो, गुंगीचं औषध वाढवलं की उतरतो. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं कॅलरी काढण्याचं 1919 चं सूत्र तर निरोगी माणसांवर बेतलेलं आहे.

खरं मोजमाप इनडायरेक्ट कॅलोरिमेट्रीने होतं. रुग्णाने किती ऑक्सिजन वापरला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे व्हेंटिलेटरच्या नळीला जोडलेलं यंत्र मोजतं. मिनिटाला अनुक्रमे 250 आणि 200 मिली भरले, तर वियर यांच्या 1949 च्या सूत्राने दिवसाचा खर्च साधारण 1737 कॅलरी येतो. काट्यावर 80 किलो दिसलं म्हणून आपण 2000 देत असू, तर रोज अडीचशेहून जास्त कॅलरी जादा. जादा अन्नाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकण्याचं ओझं आधीच थकलेल्या छातीवर पडतं. कमी दिलं तर स्नायू झिजतात.

व्हेंटिलेटरमधून दिल्या जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन 60 टक्क्यांच्या वर असेल किंवा नळीभोवती हवा गळत असेल, तर यंत्राचा आकडाही भरवशाचा नसतो. पहिल्या दिवसांत मोजलेलं सगळं भरवायचंही नसतं; एस्पेन या युरोपीय संस्थेच्या 2019 च्या सूचना तेव्हा 70 टक्क्यांच्या आत राहायला सांगतात. पण मोजा, असंही त्याच सूचना सांगतात. यंत्र नसेल तर व्हेंटिलेटरवर दिसणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याला 8.19 ने गुणता येतं. वरच्या रुग्णात ते 1638 येतं.

आणि प्रोपोफॉल! दुधासारखं दिसणारं हे गुंगीचं औषध चरबीत कालवलेलं असतं, मिलीला 1.1 कॅलरी. तासाला 15 मिली चालू असेल तर दिवसाला जवळजवळ 400 कॅलरी जातात. चार्टवर ते औषधांच्या रकान्यात असतं, म्हणून आहाराच्या बेरजेत धरायचं राहून जातं.

माझी मागणी एवढीच, की प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या चार्टवर कॅलरींच्या आकड्यापुढे ‘मोजलेला’ की ‘अंदाजे’ हे लिहिलं जावं, तारखेसह.

– एक आहारतज्ज्ञ