सूचना : पाडव्याची सकाळ घरासाठी

मंडळातील सर्व भगिनींना नमस्कार.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सेलला मिळून जायचं, असं मागच्या भिशीत ठरलं होतं. ते रद्द करत आहोत. खरेदी असेल त्यांनी वसुबारसेच्या आधीच महाद्वार रोड, राजारामपुरीच्या बाजारात उरकून घ्यावं. नंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते.

गेल्या पाडव्याला मी स्वतः दोन तास रांगेत होते. घरी आले तेव्हा लेकीनं वडिलांना ओवाळून झालं होतं, धाकट्यानं केलेला किल्ला शेजारपाजारचे सगळे बघून गेले होते. "आई, तू राहिलीसच," एवढंच म्हणाला तो. कुकर स्वस्त मिळाला, पण ते वाक्य अजून मनाला लागून आहे. पुण्या-मुंबईला असलेली आपली मुलं येतात तीच मुळी चार दिवसांसाठी.

मंडळ म्हणून भेटायचं ते त्रिपुरारी पौर्णिमेला, पंचगंगा घाटावरच्या दीपोत्सवाला. पहाटे ४ वाजता शिवाजी पुलाजवळ जमू. सासू-सासरे, मुलं, सगळ्यांना घेऊन या. पणत्या मंडळाकडून, तेल आणि वाती मात्र ज्याच्या त्यानं आणायच्या. किती जण येणार, ते भाऊबीजेपर्यंत कळवा.