सई, जीपीएस घेण्याआधी

जुन्नर, 12 मे

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर जीपीएस यंत्रांच्या चार लिंक पाठवून तू खाली एवढंच लिहिलंस, "बाबा, यातलं कुठलं?" मी अंगठा दाखवून मोकळा झालो, तर फोन करून रागावलीस. एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि मुलीला एक यंत्र निवडून देता येत नाही का, म्हणालीस. बरोबर आहे तुझं. पण हे अंगठ्याने टाईप करत बसलो तर तू मोटरसायकलवरून लेहला जाऊन परत येशील तरी माझं संपणार नाही. म्हणून कागद घेतलाय.

आधी तुझ्या आईचा प्रश्न. ती म्हणते, "फोनमध्ये नकाशा असतो की, एवढे पैसे कशाला?" आणि ती काही चुकीचं बोलत नाही. मनालीपर्यंत तू फोनच वापर, त्याच्याइतकं चांगलं काही नाही. शिवाय जीपीएसला मोबाईलची रेंज लागतच नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर रेंज गेल्यावरही निळा ठिपका चालत राहतो. फोनचं दुखणं वेगळंच आहे. वरच्या उन्हात पडदा दिसावा म्हणून उजेड पूर्ण वाढवायचा, त्याच वेळी चार्जिंग लावायचं, मग तो तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. पावसाचे थेंब पडले की बोटाचं ऐकत नाही. हातमोजे घातले की तुझंही ऐकत नाही. आणि मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते, हे 2021 मध्ये खुद्द ॲपलनेच जाहीर करून टाकलंय. तुझ्या नव्या गाडीच्या गोल मीटरवर दिसतो तो नकाशाही शेवटी फोनवरूनच येतो, हे विसरू नकोस.

पण माझं खरं कारण यातलं कुठलंच नाही. फोन म्हणजे तुझं पाकीट, तुझी बॅटरी, तुझा कॅमेरा आणि मला "पोचले" म्हणून कळवायचं एकमेव साधन. तो हँडलवर बांधून दिवसभर आदळायचा आणि एखाद्या नाल्यात पडला की वाट आणि आवाज दोन्ही एकदम घालवायचे, हे मला पटत नाही. फोन कोरडा, उबदार, आतल्या खिशात ठेव. आणि सिम पोस्टपेड करून घे. बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.

आता तुझ्या चार लिंक.

चौथी आधी निकालात काढतो, कारण तीच बघून माझा जीव खालीवर झाला. इनरीच. रेंज नसताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं, संकटात दाबायचं बटण असलेलं. सई, अगदी खरं सांगतो, दुकानात उभा असतो तर इतर काही न बघता मी तेच घेतलं असतं. बाकीची यंत्रं तू कुठे आहेस ते तुला सांगतात. हे एकटं मला सांगणारं. पण आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असलं यंत्र जवळ बाळगणं गुन्हा आहे. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईला याच यंत्रापायी अडकवून ठेवलं होतं. तिला कायदा ठाऊक नव्हता, तुला आहे. तू तर सरहद्दीच्या मुलखात निघालीस, चेकपोस्टवर काय सांगणार? नुसता सिग्नल घेणारा जीपीएस वेगळा आणि उपग्रहावरून बोलणारं यंत्र वेगळं. तुझ्या लिंकमधल्या माँटाना 700 आणि जीपीएसमॅप 67 या दोघांच्याही नावापुढे इंग्रजी 'आय' लागलेली भावंडं मिळतात, त्यांच्यात इनरीच बसवलेलं असतं. परदेशातून कुणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर ते एक अक्षर आधी तपास.

माँटाना 700 चा पडदा पाच इंची, हातमोज्यांसकट बोट चालतं, गाडीवरून वीज देणारं मजबूत माउंट मिळतं. फक्त गाडी चालवायची असती तर मी हो म्हटलं असतं. पण लडाखमधल्या झंस्कारात पुरनेला गाडी लावून तू फुगतालच्या बौद्ध मठाला चालत जाणार, परत आल्यावर पावसाळ्यात आपल्या घाटवाटा आहेतच. चारशे ग्रॅमच्या आसपासचं ते धूड गळ्यात घालून तू नाळेतून उतरणार का? दोन दिवसांनी घरी राहील. घरी राहणाऱ्या यंत्राइतकं महाग यंत्र नाही.

जीपीएसमॅप 67 ला तीन इंची पडदा आणि बटणं आहेत. एका चार्जवर 180 तास चालतं असं कंपनी सांगते, दोन्ही फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेतं, म्हणजे अरुंद दरीत कड्यांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या खोट्या सिग्नलला कमी फसतं. कागदावर हेच सरस. त्यावर तुझं मन आहे हेही दिसतंय, कारण लिंक सगळ्यांत वर आहे.

आणि ईट्रेक्स 32एक्स. सव्वादोन इंचांहून थोडा कमीच पडदा, दोन पेन्सिल सेल, 25 तास, सेलसकट 142 ग्रॅम. यूएसबीचं भोक जुन्या पद्धतीचं, पडद्यावर बारीक अक्षरं. दिसायला शाळेतल्या कंपासपेटीसारखं.

मी हे घे म्हणतो.

अचूकतेबद्दल तू विचारशील. नोकरीला लागलो तेव्हा आम्ही 33 फुटांची साखळी ओढायचो. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि वीतभर बांधावरून भावाभावांत कोयते निघालेले पाहिलेत. निवृत्त होताना हातात रोव्हर होता, म्हणजे मोजणीचा अतिअचूक जीपीएस. मधल्या काळात, नव्वदच्या दशकात, एका साहेबांनी कौतुकाने जीपीएस दाखवला, तर त्यात गटातली विहीर शेजाऱ्याच्या ऊसात निघाली! तेव्हा अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, शंभरेक मीटरची. मे 2000 मध्ये ती बंद केली. आज यातलं कुठलंही यंत्र मोकळ्या आकाशाखाली तुला पाच-सात मीटरच्या आत धरतं. बांधाच्या भांडणाला ते निरुपयोगी, पण शिंकुला खिंडीचा रस्ता डावीकडे की उजवीकडे, याला भरपूर झालं. त्या जास्तीच्या मीटर-दोन मीटरसाठी पैसे घालवू नकोस.

पैसे घालवायचे ते सेल बदलता येतात या सोयीसाठी. आतली बॅटरी 180 तास चालो की हजार, ती एकदा बसली किंवा चार्जिंगची वायर हँडलपाशी तुटली की तुझ्या हाती काही उरत नाही. पेन्सिल सेल झंस्कारमधल्या पदुमच्या किराणा दुकानातही मिळतील. मात्र साधे सेल थंडीत मान टाकतात, म्हणून लिथियमचे चार बरोबर ने. रोजच्या वापराला रिचार्जेबल ठेव. कुठल्या जातीचे सेल घातलेत ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं, नाहीतर बॅटरीचा आकडा धादांत खोटं बोलतो.

पेन्सिल सेलच्या यंत्रात एक खोड असते, ती मला गाडीवरच कळली. आहुप्याच्या रस्त्यावर, तो डांबरी होण्याआधी, माझं जुनं यंत्र हँडलवर होतं. संध्याकाळी घरी येऊन ट्रॅक, म्हणजे यंत्राने नोंदवलेली आलेली वाट, बघितला तर उंदरांनी कुरतडल्यासारखा, मध्ये मध्ये गायब. दणक्याने सेल क्षणभर स्प्रिंगवरून सुटायचे आणि यंत्र गुपचूप बंद पडायचं. दुकानदार म्हणाला, यंत्रात दोष नाही. मग मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, दोन सेलच्या मधल्या खाचेवर आडवा ठेवला आणि त्यावर झाकण दाबून बसवलं. त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. गाडीवर असताना यूएसबीची वायर लावलीस तर दुहेरी बंदोबस्त. आणि माउंटवर भरवसा नको, गळ्यातली दोरी हँडलला वेगळी बांध.

आता तोलार खिंडीची गोष्ट. तुला अर्धीच सांगितली होती, आई समोर होती म्हणून.

ऑगस्ट महिना. खिरेश्वरवरून मी आणि आमच्या कचेरीतला शिपाई हरिश्चंद्रगडावर गेलो. जाताना खिंडीवरचा रेलिंगचा कातळ चढून आलो आणि वर पोचताच यंत्रात खूण केली. देवळात मुक्काम. सकाळी निघालो तर हात लांब केला की बोटं दिसेनात असं धुकं. पठारावरच्या त्या टेकड्या तुला माहीत आहेत, एक उतरलो की दुसरी, सगळ्या सारख्याच. मी मोठ्या ऐटीत यंत्र काढलं, खूण निवडली आणि 'गो टू' दाबलं. बाण आला. अंतर चारशे मीटर. बाणामागे निघालो. पन्नास पावलांवर कारवी संपली, पुढे गवत उताराला लागलेलं, आणि त्यापुढे नुसतं पांढरं. खालून वाऱ्याचा आवाज येत होता. शिपाई जागीच बसला. म्हणाला, "साहेब, हा बाण पाखराचा हाय, आपला न्हाय."

बाण खोटा नव्हता. खूण तिकडेच होती, सरळ रेषेत. मधल्या घळीशी बाणाला काय घेणंदेणं? नशिबाने आदल्या दिवशी ट्रॅक चालू राहिला होता. त्या वेड्यावाकड्या रेघेवर पावलं टाकत टाकत आम्ही कातळापाशी आलो. चारशे मीटरला पाऊण तास लागला.

तेव्हा सकाळी स्टँडवरून गाडी काढण्याआधी ट्रॅक चालू आहे ना बघायचं, ही सवय लाव. आलेली वाट परत दाखवणं, यासाठीच तर हे यंत्र घ्यायचं. झंस्कारमध्ये रस्ते अजून घडतायत. निमू-पदुम-दारचा हा 298 किलोमीटरचा रस्ता मार्च 2024 मध्ये सलग जोडला गेला. कुठे नवा कापलाय, कुठे जुनाच चालू आहे, हे तुझ्या नकाशाला कळलेलं असेलच असं नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले फुकट नकाशे कार्डावर टाक, पण ते आत्ता टाक, निघायच्या आदल्या रात्री नको. रोजचा ट्रॅक रोज वेगळा सेव्ह कर. एका ट्रॅकमध्ये दहा हजारच बिंदू मावतात, त्यामुळे कुणाकडून अख्ख्या ट्रिपची एकच लांबलचक फाईल घेतलीस तर शेपूट कापलं जाईल.

आकडे भरताना डोळ्यांत तेल घाल. बारालाचा खिंडीचा अक्षांश 32 अंश 45 मिनिटं 30 सेकंदांच्या आसपास आहे. हेच कुणी घाईत 32.4530 असं भरलं तर तो खिंडीच्या चौतीस किलोमीटर दक्षिणेला कुठल्यातरी डोंगरात जाऊन पडतो. दशांशात तो आकडा 32.7583 होतो. माझ्या कपाटातल्या जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशांवरून, काही उचलणार असशील तर मला विचार, त्यांचं माप जॉर्ज एव्हरेस्ट साहेबाने पृथ्वीच्या आकाराच्या मांडलेल्या जुन्या गणितावर आहे, तुझ्या यंत्राशी जुळणार नाही.

तुझी टँक बॅग चुंबकावर बसते ना? यंत्रातलं होकायंत्र तिच्याजवळ वेडं होतं. हँडलवर थोडं उंच लाव आणि सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हा जुळवून घे.

आणि माझा एक आवडता खेळ. 32एक्समध्ये वायुभारावर चालणारा उंचीमापक आहे. त्याचं आपोआप जुळवून घेणं बंद कर. मुक्कामाला पोचलीस की उंचीचा आकडा वहीत लिहून झोप. सकाळी तंबू जागच्या जागी आणि उंची मात्र पंचवीस-तीस मीटर वाढलेली, असं दिसलं तर डोंगर रात्रीत वाढला नाही, हवेचा दाब उतरलाय. त्या दिवशी शिंकुला चढायची घाई करू नकोस. 16,500 फुटांच्या वर आहे तो, जुलैतही बर्फ पडतो. चहा पी, जरा थांब.

मुक्कामांचा कागद दोन प्रतींत कर. एक आईच्या फ्रीजवर, एक माझ्या पाकिटात. केलाँग, पदुम आणि लेहला फोन कर. मधल्या दिवसांत मी विचारणार नाही. आई विचारेल, तिला मी सांभाळतो.

यंत्र आलं की एखाद्या शनिवारी ते घेऊन ये. खिरेश्वरला गाडी लावू आणि खिंडीपर्यंत जाऊ. कातळ चढणार नाही, गुडघा नको म्हणतोय. तू वर जाऊन खूण करून ये, मी खाली वाघाच्या शिल्पापाशी बसतो.

पाकिटात ट्यूबचा तुकडा घातलाय. माझ्या यंत्राच्या मापाने कापलाय, तुझ्यात मोठा झाला तर कडेने थोडा कातर.

तुझा,
बाबा